तुम्ही लोणंदचा बाजार का सोडलात

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. मी इद्दतीत बसले आहे. चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही. ते मला जड जात नाही. जड जातंय ते भेटायला येणाऱ्या बायकांचं बघणं. प्रत्येक जणी माझ्या तोंडाकडं बघते आणि तिला हवं तेवढं दुःख तिथं सापडत नाही. काल शेजारच्या जैनांच्या काकू म्हणाल्या, "मुमताज, मोकळी होऊन रड गं. आत साठवू नकोस."

मी रडते हो. सकाळी चुलीजवळ तुमची कपबशी दिसली की रडते. पण आत साठलेलं काही नाही, हे त्यांना कसं सांगू? इतकी वर्षं एकत्र राहून नवरा गेल्यावर बाईच्या मनात एखादी तरी गाठ राहतेच, असं त्यांना वाटतं. माझ्या मनात एकच राहिली होती, आणि परवा तीही सुटली. म्हणून नसीमची कोरी वही घेतली आणि लिहायला बसले. आपल्या लेकीला म्हटलं, हिशेबाचं काही नाही, अब्बांशी बोलायचंय. ती पेन्सिल टोकदार करून देऊन गेली.

तुम्हाला आठवतं, लग्न ठरलं तेव्हा सांगलीत माझ्या मैत्रिणी मला किती हसल्या होत्या? साताऱ्याचा बांगडीवाला. बाजारात रोज शंभर बायकांचे हात धरणारा नवरा! मी सातवी पास, जरा तोऱ्यातच होते. लग्नानंतर आठवड्याभरात तुम्हाला विचारलंच, "इतक्या बायांचे हात हातात घेता, तुम्हाला काही वाटत नाही?"

तुम्ही पेटीतल्या बांगड्या पुसत होता. वर न बघता म्हणालात, "मी हात बघतच न्हाई गं. हाडं बघतो. अंगठ्याच्या मुळाशी हाड कसं हाय त्यावर कळतं, कुठली बांगडी जाईल."

"आणि तोंड?"

"तोंडाशी माझं काय काम?"

मग तुम्ही मला ते सांगितलंत, जे पुढं आयुष्यभर सांगत राहिलात. नजर खाली ठेवायचा हुकूम कुराणात आधी मर्दांना आलाय, बायांना मागनं. लोक पहिली ओळ सोडतात आणि दुसरीपासनं वाचतात. तुम्हाला अरबी वाचता यायचं, अर्थ कळायचा नाही. अर्थ मौलवीसाहेबांकडनं ऐकून पाठ करायचात. पण जेवढा कळला तेवढा अंगात मुरवायचात. मी मात्र तेव्हा मनात म्हटलं होतं, बोलायला काय जातंय.

लोणंदचा बाजार तुमचा सगळ्यात चांगला. कांद्याच्या वखारीत काम करणाऱ्या बाया बाजारादिवशी धुतलेली लुगडी नेसून यायच्या, रांग लावून तुमच्याकडनं बांगड्या भरून घ्यायच्या. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं तुम्ही पेटी घेऊन जायचात आणि वस्तीला रहीमभाई शिंप्याकडं उतरायचात. त्यांची बेवा बहीण रशिदा नवरा गेल्यापासनं त्यांच्याकडंच होती, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. त्याहून जास्त विचारायचं कधी सुचलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. दुसऱ्या वर्षी तुम्ही एकदम म्हणालात, "लोणंद सोडला. आता जायचं न्हाई."

मी म्हटलं, का? तुम्ही म्हणालात, "दुष्काळात कोण बांगड्या भरतंय?" खरंच वाटलं मला ते. पण पाऊस परत आला तरी तुम्ही लोणंदला गेला नाहीत. लोणंदपुढच्या गावचा बाजारही सोडलात, कारण गाडी लोणंदवरनं जायची. आणि मग साताऱ्याचं बिऱ्हाडच हलवलंत. सांगलीत विश्रामबागेत, कॉलेजच्या वाटेवर, दोन माणसं जेमतेम मावतील असं दुकान घेतलंत. माझं माहेर जवळ आलं म्हणून मी खूष. त्या खुशीत मला एक गोष्ट उशिरा दिसली. तुम्ही बायकांचे हात धरणं बंद केलं होतं. मला बसवून शिकवलंत, हात कसा सैल सोडायला लावायचा, बोटं कशी मिटवायची, बांगडी कुठं तिरकी करायची. आणि स्वतः मागं बसून फक्त रंग जुळवून द्यायला लागलात.

बायको धंद्यात आली, असं लोक कौतुकानं म्हणायचे. मलाही कौतुक वाटायचं. लोणंदच्या एका वखारवाल्यांची सून दुकानात येईपर्यंत.

ती सांगलीतल्या भाचीच्या लग्नाचा चुडा घ्यायला आली होती. तुम्ही नमाजाला गेला होता. तिनं मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या मालकांनी लोणंद का सोडलं, तुमाला ठाऊक हाय का?" पुढं तिनं जे सांगितलं ते मी या वहीत लिहिणार नाही. ऐकीव होतं. तिच्या जावेनं कुणाकडनं तरी ऐकलेलं, त्यानं आणखी कुणाकडनं.

तेवढं पुरलं मला. त्यानंतरचे सात महिने मी कशी वागले ते तुम्ही बघत होता. मी तुमच्या सदऱ्यांचे खिसे चाचपले. तुमच्या जुन्या पेटीचं अस्तर उसवून बघितलं आणि पुन्हा शिवलं. तुम्ही मिरजेला माल आणायला गेलात की गाडीच्या वेळा मोजत बसले. तुमच्या ताटात भाकरी वाढताना हात आखडू लागला. रात्रीची, इशाची नमाज पढून तुम्ही आलात की मी भिंतीकडं तोंड करून पडलेली. नवरा-बायकोत जे असायला हवं ते त्या सात महिन्यांत आपल्यात उरलं नव्हतं, आणि त्याची चोरी तुम्ही केलीत असं मी धरून चालले होते. डोक्यात मी जी चित्रं रंगवली, ती आता आठवली तरी शरम वाटते.

शेवटी भाईजानला सांगितलं. माझा भाऊ कसा, तुम्हाला ठाऊकच आहे. ट्रक चालवणारा माणूस, आवाज आधी आणि विचार मागनं. पुढच्या शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर तुम्हाला थांबवून तो मौलवीसाहेबांच्या खोलीत घेऊन गेला. मी आत त्यांच्या बिबींजवळ, पडद्यामागं बसलेली. भाईजाननंच मला बोलावलं होतं, "तुझ्या कानांनी ऐक" म्हणून.

भाईजान म्हणाला, "मौलवीसाहेब, ह्यांनी लोणंदला बाई ठेवली हुती. सगळ्या गावाला ठाऊक हाय. आता सांगलीत येऊन हाजी बनून बसलेत."

मौलवीसाहेबांनी विचारलं, "तुम्ही बघितलं?"

"मी न्हाई बघितलं, पण—"

"कुणी बघितलं? नाव सांगा."

"लोक बोलत्यात."

"लोक म्हणजे किती? दीनाला, आपल्या धर्माला, चार साक्षीदार पाहिजेत. कानांनी ऐकलेले नाहीत, डोळ्यांनी बघितलेले. चार आहेत?"

मौलवीसाहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मग आता माझं ऐका. चार साक्षीदार नसताना पाक बाईवर असा आळ घेणाऱ्याला फटक्यांची सजा सांगितली आहे, आणि त्याची साक्ष पुन्हा कधी मानू नये असंही. तुम्ही ह्यांच्यावर आळ घेतला, ते ह्यांचं ह्यांना बघू दे. पण ती बाई? तिला नवरा नाही. इथं तिची बाजू बोलायला कुणी नाही. तुमच्या घरी बहीण आहे ना?"

सात महिने मी तुमचा विचार केला होता, माझा केला होता. ती बाई म्हणजे माझ्या लेखी फक्त एक घाण होती. तिलाही अब्रू असेल, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मौलवीसाहेबांनी तुम्हाला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय, उस्मानभाई?"

तुम्ही म्हणालात, "न्हाई."

भाईजान उसळला, "बघा, गप बसलाय!"

"गप्प बसणं हा गुन्हा नाही," मौलवीसाहेब म्हणाले आणि चहा मागवला. त्या दिवशीचा चहा भाईजाननं कसा गिळला असेल, तो जाणे.

घरापर्यंत आपण दोघं चालत आलो, तुम्ही पुढं, मी चार पावलं मागं. मला वाटलं होतं तुम्ही मला ओरडाल. माझ्या मनाची तयारी होती. तुम्ही हातपाय धुऊन दुकान उघडायला गेलात. चार दिवस असेच गेले. तुम्ही आरोपातनं सुटला होता, पण माझ्या मनातनं नाही. तुमचं ते "न्हाई" मला कुरतडत होतं. "असं काही झालं न्हाई" म्हणाला असतात तर मी धरून बसले असते. तुम्ही म्हणालात, सांगायचं न्हाई.

पाचव्या दिवशी दुपारी कॉलेजला सुट्टी होती, रस्ता रिकामा. आपण दोघं मालातल्या फुटक्या बांगड्या वेगळ्या करत बसलो होतो. तुम्ही मान खाली घालून बोलायला लागलात, आणि बोलता बोलता हात चालूच ठेवलेत.

"रशिदा पाणी आणून द्यायची. मग जेवायला वाढायची. मग कुठला रंग जास्त खपतोय ते विचारायची. मी सांगायचो, ती हसायची. मला बाजाराचा दिवस लवकर यावा असं वाटायला लागलं. मला कळत हुतं, तरी गेलो. चार बाजार गेलो."

मी एक फुटकी बांगडी चांगल्यांच्या ढिगात टाकली.

"चवथ्या बाजाराला तिनं हात पुढं केला. म्हणाली, नवरा गेल्यापासनं भरल्या न्हाईत, आज भरा. तिच्या भावापुढं म्हणाली, चोरून न्हाई. पण त्या दिवशी मी हाडं बघितली न्हाईत, मुमताज. हात बघितला."

"मग?"

"पेटी बंद केली. म्हणलं, ह्या मापाच्या न्हाईत. लबाड बोललो. जेवलो न्हाई, तसाच स्टेशनावर आलो."

तुम्हाला तिथंच थांबता आलं असतं. मी विश्वास ठेवला असता. पण तुम्ही पुढचंही सांगितलंत. रहीमभाई स्टेशनावर तुमच्यामागं आले होते. बहिणीच्या मनातलं त्यांनी ओळखलं होतं, तुमच्याही. म्हणाले, "निकाह करा, उस्मानभाई. शरियतीत बसतंय. बेवाला आधार दिला तर सवाब हाय, पुण्य हाय."

"मला रस्ता हुता," तुम्ही म्हणालात. "दीनाचा रस्ता. कुणी बोट दाखवलं नसतं. पण माझं मला ठाऊक. सवाबाचं मला काय पडलं नव्हतं, मला ती पायजे हुती. निकाहाचं नाव पुढं करून मी हौस भागवणार हुतो. आणि दोघींना सारखं ठेवायची शर्त हाय. जमणार नसंल तर एकच. मला आधीच दिसत हुतं, मी तुला सारखं ठेवलं नसतं."

मी विचारलं, "म्हणजे तेव्हा तुम्हाला ती जास्त हवी होती."

तुम्ही पहिल्यांदा वर बघितलंत. "व्हय. तवा."

किती सोपं होतं 'नाही' म्हणणं. मी उठले, तुम्हाला दुकानात तसंच सोडून घरी आले. आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. आधीच्या सात महिन्यांतलं न बोलणं वेगळं आणि हे वेगळं. ते न बोलणं झोप उडवणारं होतं. या आठ दिवसांत मला झोप लागत होती, हेच मला आधी कळेना. रागानं फणफणत मी आडवी व्हायची आणि सकाळच्या बांगेलाच जाग यायची. हळूहळू ध्यानात आलं. मी केवढं भयंकर मनात धरून बसले होते, आणि खरं केवढं होतं! लागलं मला, खूप लागलं, पण त्याला काठ होता. आणि दुसरं असं की, जो माणूस बायकोच्या डोळ्यांत बघून "व्हय, तवा" म्हणू शकतो, त्याच्याकडं लपवायला आणखी काय उरलं असणार? नवव्या दिवशी मी तुमच्या ताटात भाकरी वाढली ती हात न आखडता.

मग सुरू झालं आपलं भांडण. चांगलं तीन-चार वर्षं चाललं, आणि ते मला फार आवडायचं. तुम्हाला आवडायचं का? मला वाटतं आवडायचं, नाहीतर चहा पिताना तुम्ही मुद्दाम विषय काढला नसतात.

तुम्ही आधीच मौलवीसाहेबांना सारं सांगून सल्ला विचारला होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी सांगितलं होतं, बायकोला सांगू नका. वाईट गोष्ट मनात आली आणि अल्लाहच्या भीतीनं सोडली, तर ती नेकीत धरली जाते. त्यानं जे झाकलं ते तुम्ही कशाला उघडं करता? नवरा-बायको एकमेकांचे लिबास, अंगावरचे कपडे, आहेत असं कुराणात आलंय, आणि लिबासाचं काम झाकणं. तुम्ही ते ऐकलं होतंत, म्हणूनच त्या जुम्याला "न्हाई" म्हणालात.

"मग सांगितलं कशाला?" मी विचारायची.

"तू जळत हुतीस. गुमान, उगाच संशय घेणं, गुनाह हाय, आणि तुला त्यात मी ढकललं हुतं."

"मग आधीच का नाही सांगितलं? सात महिने वाचले असते माझे."

"लिबास झाकतो, मुमताज."

"लिबास अंगाला लागून असतो. मधी काही ठेवायला जागा नसते त्यात."

यावर तुम्ही हसायचात आणि "मौलवीसाहेबांना विचारतो" म्हणायचात. विचारलंत की नाही कोण जाणे. दुसरं भांडण मनाचं. मन गेलं ती बेवफाई नाही का, असं मी विचारायची. तुम्ही म्हणायचात, मनात येतं त्याची पकड न्हाई, त्याला आपण बसायला जागा देतो त्याची हाय. मी चार बाजार जागा दिली, त्याची तौबा केली. मी म्हणायची, चारच कशावरनं? तुम्ही म्हणायचात, मोज की मग, तुला तर गाडीच्या वेळा पाठ हायत. आणि मग दोघंही हसायचो. ज्या गोष्टीनं घर मोडायचं ती आपल्या घरात हसायला आली होती. हे मी कुणाला सांगितलं तर कुणाला खरं वाटेल?

या वर्षी तुमच्या छातीनं दगा दिला. तीन महिने अंथरुणावर होता. मी तुमचं अंग पुसायची, पाय चेपायची, आणि तुम्हाला त्याची लाज वाटायची. एक दिवस दुपारी विचारलंत, "मला माफ केलंस न्हवं?"

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

अल्लाहची शपथ, मी मुद्दाम नाही म्हटलं. मला खरंच पटकन आठवलं नाही. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात आणि मग इतके हसलात की खोकल्याची उबळ आली, मला पाठ चोळावी लागली. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की माफी मलाही मागायचीय. मी गावगप्पांवर तुम्हाला भावाच्या हातनं मशिदीत उभं केलं. ते राहून गेलं. मी पाठ चोळत बसले.

तुम्ही गेलात त्या सकाळी गल्लीतल्या दोघी-तिघी माझा हात धरून उंबऱ्यावर आपटायला निघाल्या. बांगड्या फोडायची रीत म्हणे. मी हात सोडवून घेतला. फोडा असं दीनात कुठं नाही, तुम्ही कितीदा गिऱ्हाइकांना सांगितलं होतंत. मी बोटं मिटली, हात सैल सोडला आणि एकेक करून सगळ्या उतरवल्या. एकही फुटली नाही.

आणि परवा रशिदा आली.

तिनं नाव सांगितलं तेव्हा मी ओळखलं. नाकीडोळी साधीच आहे हो, मी सात महिने मनात रंगवलेल्या रशिदेपुढं तर अगदीच साधी. तिचा दुसरा निकाह झालाय, जेऊरकडं असतात, कडेवर दीड वर्षाचं मूल. नवरा भाईजानजवळ बाहेर बसला. ती माझ्यापुढं बसली, हुंदका दिला, आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "भाबी, मला तुमाला एक सांगायचं हाय. त्या वक्ताला लोक जे बोलले ते—"

मी तिच्या हातावर हात ठेवला. "नको. मला ठाऊक आहे. त्यांनी सांगितलंय."

"सगळं?"

"तुम्ही हात पुढं केलात, तेसुद्धा."

तिचा चेहरा उतरला. मूल कडेवर घट्ट धरलं तिनं. "आनि तरी तुमी मला घरात घेतलं?"

सांगू का, कुठंतरी मला वाटलं होतं की ती आली तर मी तिला विचारीन. चारच बाजार का, पुढं काही नाही ना, तुमच्या बोलण्याला दुसऱ्या बाजूनं दुजोरा मिळेल. ती समोर बसली होती, सांगायला तयार होती, आणि मला विचारायची गरजच वाटेना. तुमचं सांगणं पुरेसं होतं. हे कळलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ हसले असते, इद्दतीत, आलेल्या पाहुणीसमोर.

मी तिला म्हटलं, "रशिदाबी, तुमच्यावर आळ घेणारी मी होते. माझा भाऊ मशिदीत तुमच्याबद्दल वाईट बोलला, ते माझ्या सांगण्यावरनं. तुम्हाला पत्ताही नसेल. मला माफ करा."

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "केलं, भाबी. तुमच्या मनात माझ्याबद्दल काय न्हाई?"

"होतं. आता नाही."

तुमच्याजवळ मागायची माफी मी तिच्याजवळ मागितली. अल्लाहकडं ती पोहोचली असेल, आणि त्याच्याकडनं तुमच्याकडं. मी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मुलाला नसीमनं दूधभात भरवला.

ती गेल्यावर नसीम ताटं उचलत म्हणाली, "अम्मी, कोण होत्या त्या?"

मी म्हटलं, "लोणंदच्या. तुझ्या अब्बांना ओळखत होत्या. भल्या बाई आहेत."

एवढंच सांगितलं तिला. आणि त्यात खोटं काही नव्हतं.